सिस्टरांचे मिस्टर आणि त्यांची कार्डं

त्यांना वेळ विचारायची सोय नव्हती. "सर, किती वाजले?" असं कुणी म्हटलं की ते हातातलं काम थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कोणत्या मशीनप्रमाणे?" नव्या मुलांना वाटायचं, सर थट्टा करतात. ते थट्टा करत नसत. क्लासमध्ये सहा कॉम्प्युटर होते आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं, हे त्यांच्या दृष्टीनं साधं सत्य होतं. "तीन नंबरप्रमाणे अकराला वीस कमी. पाच नंबर जरासा मागे असेल, सकाळी गारठा होता ना," असं ते सांगत असताना विचारणारा मुलगा स्टँडवर पळालेला असायचा, कारण त्याला फक्त मोखाड्याची गाडी पकडायची होती.

जव्हारमध्ये त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत होतं. त्यांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं तिच्या हातून झालेली. तिला सगळे सिस्टर म्हणायचे आणि यांची ओळख 'सिस्टरांचे मिस्टर' अशी. त्यांना त्यात काही वाटत नसे. उलट घरात तेही तिला सिस्टरच म्हणत. मुंबईत एका कारखान्यात ते मोजमापाची उपकरणं दुरुस्त करायचे. तो कारखाना बंद झाला तेव्हा सिस्टरांची बदली आमच्या डोंगरात झालेली होती, म्हणून हेही मागोमाग आले आणि बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांनी कॉम्प्युटर क्लास काढला. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं होती. आमच्याकडे शिकलेली पोरं कॉम्प्युटर बघायला म्हणून लांबून यायची.

मी साखरशेतची. बी.कॉम. झाले आणि त्यांच्या क्लासमध्ये शिकवायची नोकरी मागायला गेले. घरी आम्ही आमची बोली बोलायचो, शाळेत मराठी. त्यामुळे मुलाखत म्हटलं की माझी जीभ जड व्हायची. ते मला टायपिंग विचारतील, टॅली विचारतील म्हणून मी रात्रभर उजळणी केली होती. त्यांनी विचारलं, "साखरशेतहून येणार म्हणजे एसटीनं. एसटी वेळेवर येते?"

"नाही सर. अर्धा तास उशिरा येते."

"रोज?"

"हो."

"म्हणजे कधी वेळेवर, कधी तासभर उशिरा, असं नाही?"

"नाही सर. रोज तेवढाच उशीर."

ते एकदम खूश झाले. "मग ती उत्तम गाडी आहे. उद्यापासून ये." नोकरी मला मिळाली की एसटीला, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे त्यांचं एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं की ते पाठच झालं: उशीर वजा करता येतो, लहर वजा करता येत नाही.

हे वाक्य कार्डांबद्दलचं होतं. एक कॉम्प्युटर दुसऱ्याशी बोलतो तो ज्या पट्टीतून, ते नेटवर्क कार्ड. तळहाताएवढी हिरवी पट्टी असते, मागे वायर लावायचं भोक. बाकीच्या जगाला एक कार्ड आणि दुसरं कार्ड यांत फरक वाटत नाही. फाइल इकडून तिकडे गेली म्हणजे झालं. सरांना फाइलीशी देणंघेणं नव्हतं. त्यांना या कॉम्प्युटरचं घड्याळ त्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी जुळवायचं होतं, आणि तेही सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याचाही फरक राहायला नको, असं.

मला त्यांनी ते असं समजावलं. "समज, तू साखरशेतला आहेस आणि मी इथे. तुझं घड्याळ माझ्याशी जुळवायचंय. फोन नाही. तू एसटीच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी देतेस, 'सर, तुमच्याकडे किती वाजले?' मी उत्तर लिहून त्याच्याच हाती परत पाठवतो. पण चिठ्ठी तुझ्या हातात पडेपर्यंत माझं उत्तर शिळं झालेलं असणार. मग काय करशील?"

मी जरा विचार केला. "जाऊन यायला किती वेळ लागला ते बघीन, त्याचा निम्मा तुमच्या वेळेत मिळवीन."

"बरोबर. आणि ड्रायव्हर येताना मध्येच चहाला थांबला असेल तर?"

"तर माझं घड्याळ चुकेल."

"चुकेल, आणि तुला कळणारही नाही," ते म्हणाले. "कार्ड म्हणजे तो ड्रायव्हर. त्यानं चहा प्यावा, माझी ना नाही. पण जाताना आणि येताना, रोज, तेवढाच वेळ प्यावा."

एवढ्यासाठी ते कार्डांमागे कार्डं मागवायचे. कार्डं आणायचं काम रशीदभाईंकडे होतं. रशीदभाईंचं बाजारपेठेत इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान, माल भरायला त्यांची मुंबईला फेरी असायची. खोकं टेबलावर ठेवून ते एकदा म्हणाले, "सर, लॅमिंग्टन रोडचा दुकानदार मला विचारतो, तुमच्या गावात कॉम्प्युटर किती आहेत? मी म्हटलं सहा. तो बोलला, मग एवढी कार्डं खातो कोण?" सरांनी तोवर पुड्या फोडायला सुरुवात केली होती. त्यांना ऐकूच आलं नाही.

प्रत्येक नवं कार्ड ते दोन मशीनमध्ये लावायचे आणि त्यांच्यात वेळेची विचारपूस चालू करून द्यायचे. मशीन गरम होऊ द्यायचे, मग निवू द्यायचे. वीज गेली की सगळं पहिल्यापासून. जव्हारला तेव्हा भारनियमन जोरात होतं, म्हणजे बरंच काही पहिल्यापासून व्हायचं. मी एकदाही त्यांना चिडलेलं बघितलं नाही. कार्डाचा खरा स्वभाव गर्दीत कळतो, असं त्यांचं म्हणणं होतं, म्हणून रविवारी ते मुलांना बोलावून एकमेकांविरुद्ध गोळीबाराचे गेम खेळू द्यायचे. वायरीतून तोबा गर्दी व्हायची, मुलं आरडाओरडा करायची आणि कोपऱ्यात दोन मशीन शांतपणे एकमेकांना वेळ विचारत असायची. एवढा दिलदार सर दुसरा नाही, अशी मुलांमध्ये त्यांची कीर्ती होती. पालकांमध्ये निराळी होती.

कार्डांना ते नावं द्यायचे, तीही माणसांची. एक नवंकोरं, चकचकीत कार्ड होतं. वेगात कुणाला हार जाणारं नाही, पण मध्येच कधी तरी कारण नसताना अडून बसायचं. त्याचं नाव 'जावई'. रशीदभाईंनी कुठल्याशा जुन्या सामानाच्या ढिगातून उचललेली तीन सारखी कार्डं होती, कडा काळवंडलेल्या, चालीला मंद. पण गर्दी असो, थंडी असो, त्यांचा उशीर तसूभर हलायचा नाही. त्या तिघांना ते 'पोस्टमन' म्हणायचे. पोस्टमन सापडले त्या दिवशी त्यांनी सगळ्या क्लासला भजी खाऊ घातली. मुलांनी विचारलं, कशाबद्दल? ते म्हणाले, "जुळलं." एवढंच.

या सगळ्याचा उपयोग काय, हे मीही एकदा विचारलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी पाऊस कशाला पडतो असं विचारलं होतं. "घड्याळं जुळावीत म्हणून," ते म्हणाले. सिस्टर दाराशी डबा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तू नको विचारूस. मी लग्न झाल्यावर एकदा विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून चाललंय."

सिस्टर बोलायला फटकळ, पण त्यांच्या बोलण्याला धार नव्हती. दिवसभर त्या माणसांच्या जिवाशी झुंजून यायच्या आणि घरी नवरा म्हणायचा, आज जावई फार अडला. त्या ऐकून घ्यायच्या. स्टँडजवळ दुसरा क्लास निघाला, रंगीत पाट्यांचा, आणि आमची मुलं तिकडे जायला लागली, तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांना काळजी होती. मला एकदा म्हणाल्या, "माणूस चांगला आहे गं. फक्त याच्यातलं जे चांगलं आहे ते कुणाच्या उपयोगी पडत नाही."

सर आता नाहीत. जव्हारनंतर सिस्टरांची पुन्हा बदली झाली, क्लास बंद झाला, आणि काही वर्षांनी नाशिकला त्यांच्या मुलीकडे असताना ते झोपेतच गेले. मी भेटायला गेले तेव्हा सिस्टर फार वेळ त्यांच्याबद्दल बोलल्या आणि बोलता बोलता हसल्याही. आम्ही दोघी सगळ्यात जास्त ज्या प्रसंगाबद्दल बोललो, तो आता सांगते.

मोखाड्याच्या पुढे सूर्यमाळच्या अंगाला एक आश्रमशाळा होती. दवाखान्याची गाडी मुलांच्या तपासणीला जायची, तिच्यातून सिस्टर जायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. एका संध्याकाळी त्या तपासणीहून आल्या, क्लासमध्येच बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "शाळा रिकामी व्हायला लागलीय."

तिथे जमिनीतून आवाज येत होते. कधी दुपारी जेवणाच्या वेळी, कधी दिवस मावळताना. धडाम असा एक आवाज, पाठोपाठ गडगड, आणि पत्रे थरथरायचे. आमच्या भागात भांडी हलणं, जमीन गुरगुरणं नवीन नव्हतं, त्यामुळे भीती उगीच नव्हती. तालुक्याहून माणसं येऊन बघून गेली, घाबरू नका म्हणाली. पण आवाज थांबले नाहीत. आईबाप येत होते आणि पोरांच्या पत्र्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन त्यांना परत नेत होते. एकदा घरी गेलेली पोर, त्यातून मुलगी, परत शाळेत येणं कठीण, हे सिस्टरांना माहीत होतं. मलाही. आमच्या वर्गातल्या किती जणी अशाच गेल्या होत्या.

"आणि ज्यांचे आईबाप वीटभट्टीवर गेलेत, त्या पोरी तिथेच आहेत," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना न्यायला कुणी नाही. अंगणात चादरी टाकून निजतात. आत जायला तयार नाहीत. आज एकीला ताप होता, तरी आत येईना."

सर खाली मान घालून स्क्रू फिरवत होते. सिस्टरांनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "अहो, तुमची ती कार्डं याच्यात काही कामाची आहेत का?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच त्या कार्डांकडे काही मागितलं होतं. सरांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"आवाज कुठून येतो ते सांगता येईल," ते म्हणाले. "तीन ठिकाणी तीन कान ठेवायचे. ज्या कानाला आधी ऐकू येईल, त्या बाजूनं आवाज आला. पण तिघांची घड्याळं जुळलेली पाहिजेत. जमिनीतून आवाज फार जोरात धावतो. शाळेच्या या टोकापासून त्या टोकाला डोळ्याची पापणी लवायच्या आत जातो. खालूनच येत असेल तर तिघांना बरोबरच ऐकू येईल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोस्टमन काढ."

रशीदभाईंच्या टेम्पोत चार कॉम्प्युटर, गाद्या गुंडाळून बांधलेले त्यांचे मॉनिटर आणि वायरीची मोठाली वेटोळी घालून आम्ही निघालो. सिस्टरांनी रजा टाकली होती. रस्ताभर सर मागे सामानात बसले, मशीनला हादरे बसू नयेत म्हणून.

शाळेच्या हेडमास्तरांनी आमचं स्वागत केलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर आशा कमी आणि दमणूक जास्त होती. सरांनी एक मशीन जेवणाच्या शेडमध्ये मांडलं, एक मुलींच्या वसतिगृहाच्या ओटीवर आणि एक पार टोकाला मास्तरांच्या खोल्यांजवळ. तिन्हींच्या वायरी ऑफिसात आणून चौथ्या मशीनला जोडल्या. कान म्हणून त्यांनी रशीदभाईंच्या दुकानातले जुने लाउडस्पीकर आणले होते. तीन मडक्यांत ते बसवून एकेका मशीनला जोडले आणि मडकी गळ्यापर्यंत जमिनीत पुरली. "स्पीकर बोलतो तसा ऐकूही शकतो," ते म्हणाले. अंगणातल्या मुली लांबून बघत होत्या. मास्तर मडकं पुरतोय म्हणजे काही देवधर्म असेल, असं त्यांना वाटलं असावं. एकीनं हळूच येऊन मडक्यापाशी झेंडूचं फूल ठेवलं. सरांनी ते राहू दिलं.

पहिल्या दिवशी आवाज आलाच नाही. हेडमास्तर ओशाळले. सर म्हणाले, "नाही आला, हेही कळलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुली जेवायला बसल्या होत्या. भात वाढून झाला होता. आणि तो आला. धडाम, मग लांबत गेलेली गडगड. शेडचे पत्रे खडखडले. सगळ्या मुली ताटं टाकून एका झुंडीत बाहेर पळाल्या, एक लहान पोर मागे राहिली ती सिस्टरांच्या कमरेला बिलगली. मी आयुष्यात पहिल्यांदा इतकी घाबरले होते, कारण आवाज खरंच पायाखालून आल्यासारखा वाटला. सर ऑफिसकडे धावत सुटले. त्यांना धावताना आम्ही कुणी कधी बघितलं नव्हतं.

तिथल्या पडद्यावर तीन रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेवर एक उंचवटा. सरांनी तिघांमधलं अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. मग खुर्चीत मागे रेलले.

"हवेतून आला," ते म्हणाले.

"म्हणजे?" हेडमास्तरांनी विचारलं.

"शेडमध्ये आधी ऐकू आला, मास्तरांच्या खोल्यांजवळ मग. मध्ये जवळजवळ अर्धा सेकंद गेलाय. जमिनीतला आवाज एवढा रमत येत नाही. हा हवेतून आलाय, त्या डोंगराच्या बाजूनं."

रशीदभाई मशीनकडे कौतुकानं बघत होते. "मग सर, पोस्टमनच कामाला आला ना? जावयाचं काम नव्हतं हे."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "अर्धा सेकंद म्हणजे फार झालं, रशीदभाई. जावयानंही सांगितलं असतं. दोन माणसं घड्याळ घेऊन दोन टोकांना उभी केली असती, तरी कळलं असतं."

ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. इतकी वर्षं ज्यासाठी घासली, ती वेळ आली आणि तिला त्या घासण्याची गरजच नव्हती. हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसत होतं की मला तिकडे बघवेना. सिस्टर चहाचा पेला घेऊन त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी त्यांची समजूत वगैरे घातली नाही. म्हणाल्या, "मग काय, सामान बांधायचं? की अजून एकदा खात्री करायचीय?"

सरांनी चहा प्यायला. "अजून एकदा," ते म्हणाले.

आम्ही आणखी थांबलो. आवाज पुन्हा आला, पुन्हा तसाच. आता सर उंचवट्यांकडे बघतच नव्हते. त्यांच्या आधीची सपाट रेघ ते मोठी करून, डोळे जवळ नेऊन बघत होते. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. रेघेवर, मोठ्या उंचवट्याच्या बऱ्याच आधी, एक बारीक थरथर होती. पाण्यावर किडा बसावा एवढी.

"ही जमिनीतून आलेली," ते कुजबुजल्यासारखं म्हणाले. "तिकडे काहीतरी फुटतं. त्याचा थोडा धक्का जमिनीतून पळत आधी पोचतो, आणि आवाज हवेतून मागून येतो. आता बघ, ही थरथर तिन्हीकडे बरोबर आली की मागेपुढे?"

तिन्हींमधला फरक इतका कमी होता की मला तो दिसलाच नाही. त्यांना दिसला. आणि तो फरक सांगत होता की थरथर शाळेच्या खालून आलेली नाही. तीही त्याच डोंगराच्या बाजूनं येते. "इथे जावई असता," सर म्हणाले, "तर त्याची लहरच या फरकाहून मोठी झाली असती." ते पुन्हा त्यांच्या नेहमीच्या रंगात आले होते.

दुसऱ्या दिवशी सर, मी आणि रशीदभाई टेम्पो घेऊन त्या दिशेनं निघालो. डोंगराला भला मोठा वळसा घालून पलीकडे उतरलो, तर तिथे एका बंधाऱ्याचं काम चाललं होतं. काम असलं की खडक फोडायला दिवसातून दोनदा सुरुंग लावायचे. आमच्या बाजूच्या गावांतलं कुणी त्या कामावर नव्हतं, त्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता. तिथला मुकादम भला माणूस निघाला. आवाज डोंगर ओलांडून दरीतल्या कड्यावर आपटतो आणि शाळेत घुमतो, हे ऐकून तो चक्रावला. "पोरं घाबरली?" त्यानं दोनदा विचारलं. "मला कळवायचं ना कुणीतरी. पण तुम्हाला तरी कुठून कळणार." सुरुंगाची वेळ शाळेला आधी कळवायचं त्यानं कबूल केलं.

रविवारी हेडमास्तरांनी पालकांना बोलावलं. ज्यांनी पोरं नेली होती तेही आले, न्यायला निघालेलेही आले. शाळेच्या पटांगणात माणसं उकिडवी बसली होती. काही पेट्या ओट्यावर बांधून तयार होत्या. सरांना बोलायला उभं करण्याआधी हेडमास्तर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, ते जमिनीतल्या थरथरीचं नका काढू. पलीकडे सुरुंग लावतात, जमीन अजिबात हलत नाही, भूकंप वगैरे काही होणार नाही, असं सरळ सांगा. लोक गोंधळतील."

सर म्हणाले, "पण जमीन थोडी हलते."

"हाताला कळत नाही हो एवढी."

"हलते मात्र."

हेडमास्तरांनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "माझ्याकडे नका बघू."

सर उभे राहिले. त्यांना भाषण येत नव्हतं. त्यांनी डोंगरापलीकडचं काम सांगितलं, सुरुंग सांगितले. "आवाज हवेतून येतो," ते म्हणाले. "जमीनही हलते, पण अगदी थोडी. तीही त्या सुरुंगानं. या शाळेच्या खाली काही नाही."

एका बापानं विचारलं, "भूकंप होनार नाय ना मंग?"

"ते मला माहीत नाही," सर म्हणाले. "आपल्या भागात जमीन आधीही हललीय. उद्या हलणार नाही, असं मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. मी फक्त या आवाजाचं सांगतो. हा आवाज भूकंपाचा नाही."

पटांगणात कुजबूज सुरू झाली. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. दोघंतिघं उठून उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता पेट्या उचलल्या जाणार. तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी बोलली. तिची नात तिथे शिकत होती, आईबाप भट्टीवर, म्हणून पोरीला न्यायला ही आली होती. अंगानं वाळलेली, गुडघ्यापर्यंत लुगडं.

"परत बोल," ती सरांना म्हणाली. "काय तुला ठावां हाय नि काय ठावां नाय, तां परत बोल."

सरांनी परत सांगितलं. त्याच क्रमानं, त्याच शब्दांत.

म्हातारी मागे वळून उभ्या राहिलेल्या माणसांना म्हणाली, "बसा खाली. यो ठावां नाय तां नाय बोलतो."

माणसं बसली. सुरुंगाची वेळ जवळ आली होती. मुकादमानं शब्द दिल्याप्रमाणे त्या दिवशी आमच्यासाठी मुद्दाम वेळ ठरवली होती. सर म्हणाले, "आता आवाज येईल. त्याच्या आधी सगळ्यांनी हात जमिनीवर ठेवा." ते स्वतः खाली बसले आणि त्यांनी तळवा मातीवर टेकवला. त्यांचं बघून म्हातारीनं ठेवला. मग बाकीच्यांनी. बाया, बापे, मास्तर, रशीदभाई, सिस्टर. अंगणातल्या मुलीही आल्या आणि आपापल्या माणसांच्या शेजारी बसल्या, ज्यांचं कुणी नव्हतं त्या सिस्टरांच्या आसपास. सगळं पटांगण हात जमिनीवर ठेवून गप्प बसलं होतं. कुठेतरी कोंबडा ओरडत होता. माझ्या तळव्याखाली माती कोमट होती, आणि ती हलली नाही.

मग आवाज आला. धडाम झालं, पत्रे खडखडले, गडगड कड्यावरून फिरून गेली. एकदोन मुली दचकल्या, पण पळालं कुणी नाही. आवाज विरला तरी बराच वेळ कुणी हात उचलला नाही.

सरांनी म्हातारीला विचारलं, "आजी, हाताला काही कळलं?"

"नाय."

"मलाही नाही."

म्हातारीनं हात लुगड्याला पुसला. "मंग तुझ्या पेटीला कळलां का?" तिनं ऑफिसातल्या मशीनकडे बोट दाखवलं.

"कळलं असेल," सर म्हणाले. "चल, दाखवतो."

ती उठली. जाता जाता नातीची पत्र्याची पेटी ज्या ओट्यावर होती तिथे थांबली, पेटीची दोरी सोडली आणि पोरीला म्हणाली, "आत ठेव जा." मग ती आणि सर, हळूहळू, पाण्यावर किडा बसावा एवढी ती थरथर बघायला ऑफिसकडे गेले.